जुन्या गाडीत पेट्रोलचा वास: गळती कशी शोधायची, घरी काय करायचं आणि कुठे हात थांबवायचा

पेट्रोलचा वास येतोय एवढ्यावरून गळती सापडत नाही. वास कधी येतो हे नीट आठवलं, तर मात्र निम्मं काम होतं. जुन्या गाड्यांची ही तक्रार मी इतक्या वेळा हाताळली आहे की आता बॉनेट उघडण्याआधी मालकाला आधी हेच विचारतो.

टाकी फुल केल्यावर वास येतो आणि थोडं पेट्रोल खर्च झालं की जातो, अशी तक्रार असेल तर दोष टाकीच्या वरच्या अंगाला आहे. तिथे भरण्याची नळी, तिचा रबरी जोड, हवेची बारीक नळी आणि टाकीच्या माथ्यावरच्या गेज युनिटचं (पेट्रोलची पातळी मोजणाऱ्या भागाचं) पॅकिंग असतं. यातलं काही सुटलं असेल, तर पेट्रोल त्या उंचीपर्यंत चढल्यावरच बाहेर येतं.

गाडी चालवून आणून बंद केली आणि दहा-पंधरा मिनिटांनी वास सुटला, तर कार्ब्युरेटरकडे (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला देणाऱ्या भागाकडे) बघा. इंजिन बंद झालं की थंड हवा मिळणं थांबतं, खालची उष्णता वर चढते आणि बाउलमधलं, म्हणजे त्याच्या वाटीतलं पेट्रोल तापून वाफाळतं. थोडा वास अशा गाड्यांना येतोच. पण बाहेरून ओलावा दिसला तर ती गळती समजायची.

थंड सकाळी स्टार्ट केल्यावर वास येतो आणि इंजिन तापलं की गायब होतो, हा प्रकार सगळ्यात जास्त चकवतो. म्हातारं झालेलं रबर थंडीत आकसतं आणि कडक होतं. तापलं की ते फुगून पुन्हा जागा धरतं. गाडी गॅरेजला पोचेपर्यंत सगळं कोरडं झालेलं असतं आणि मालकाला ‘काही नाही, तुमचा भास’ असं ऐकून परत यावं लागतं. तो भास नसतो. अशी गाडी आदल्या रात्रीच गॅरेजला लावायची आणि सकाळी पहिला स्टार्टर मेकॅनिकसमोर मारायचा.

इंजिन चालू असतानाच ओलं होत असेल, तर दोष पंपाकडून इंजिनकडे जाणाऱ्या भागात किंवा टाकीकडे परत जाणाऱ्या रिटर्न लाइनमध्ये आहे. गाडी रात्रभर उभी असतानाही थेंब पडत असतील, तर टाकी स्वतः किंवा पेट्रोलच्या पातळीखालची एखादी नळी बघावी लागेल.

आणखी काही खुणा आहेत. अ‍ॅव्हरेज कारण नसताना पडणं, उभी राहिलेली गाडी बराच वेळ स्टार्टर मारल्यावरच सुरू होणं, मागच्या सीटवर किंवा डिकीत वास येणं. एक खूण मात्र गंभीर आहे. डिपस्टिकवर (ऑइल मोजायच्या सळईवर) ऑइलची पातळी वाढलेली दिसली आणि ऑइलला पेट्रोलचा वास येत असेल, तर स्टार्टर मारू नका. याचं कारण पुढे पंपाच्या भागात येईल.

खाली पडलेला थेंब पेट्रोलचाच आहे का, हेही पाहून घ्या. हातमोजा घालून पांढऱ्या टिश्यूवर टिपा. पेट्रोल झटकन उडून जातं आणि वास सोडतं. एसीचं पाणी बिनवासाचं असतं. ब्रेक ऑइल बुळबुळीत असतं आणि उडत नाही. बारीक गळती तर खाली पोचतच नाही, वाटेतच वाळते. मागे उरतो पिवळसर-तपकिरी डाग, नाहीतर धुळीत धुतल्यासारखा स्वच्छ ओघळ. मी थेंबापेक्षा हे डागच आधी शोधतो, कारण ओघळाचं वरचं टोक बहुतेक वेळा गळतीच्या जागेशीच नेऊन सोडतं.

हात लावण्याआधी

हा भाग ओलांडून पुढे जाऊ नका. पेट्रोलची वाफ उणे ४० अंश सेल्सियसच्या आसपासही पेट घेण्याइतकी तयार होते, म्हणजे गार इंजिन म्हणजे सुरक्षित इंजिन असं समीकरण इथे चालत नाही. हवेत साधारण दीड टक्का वाफ मिसळली तरी एक ठिणगी पुरते. ही वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर उडून जात नाही. जमिनीलगत पसरते, खड्ड्यात, गटारात, तळघरात साचते आणि लांबच्या ज्योतीपर्यंत जाऊन तिथून आग मागे आणू शकते.

म्हणून काम उघड्यावर करायचं. बंद गॅरेजमध्ये नाही आणि सर्व्हिसिंगच्या खड्ड्यात तर अजिबात नाही. इंजिन आणि सायलेन्सर पूर्ण गार होऊ द्या. कोरड्या पावडरचा किंवा फोमचा अग्निशामक हाताशी ठेवा, पण गळतीच्या शेजारी नको. आग लागली तर तो उचलायला आगीतूनच जावं लागेल. पाणी मारू नका, पेट्रोल पाण्यावर तरंगून आग पसरवतं. वायरला लटकणारा काचेचा बल्ब वापरू नका. त्यावर पेट्रोलचा थेंब पडला किंवा तो खाली पडून फुटला तर तिथेच भडका उडतो. एलईडी टॉर्च घ्या आणि लांबच चालू करून जवळ आणा. गाडीखाली जायचं असेल तर नुसत्या जॅकच्या भरवशावर जाऊ नका, स्टँड लावा. आणि कुणीतरी दुसरं माणूस जवळ असू द्या.

बॅटरीचं मायनस टर्मिनल काढायचं, पण बॉनेट उघडल्या-उघडल्या नाही. टर्मिनल सुटताना ठिणगी पडू शकते. आधी बॉनेट उघडं ठेवून हवा खेळू द्या, वास गेल्यावरच पान्याला हात लावा.

आता दाब. कार्ब्युरेटरच्या गाडीत मेकॅनिकल पंपाचा दाब साधारण ३ ते ६ पीएसआय (दाबाचं एकक) असतो. नळी सुटली तर पेट्रोल ओघळतं. मल्टिपॉइंट इंजेक्शनमध्ये, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला वेगळ्या इंजेक्टरने पेट्रोल फवारणाऱ्या गाडीत, हाच दाब साधारण ३५ ते ६० पीएसआय असतो, आणि इंजिन बंद केल्यावरही तो लाइनमध्ये तासन्‌तास टिकून राहतो. तिथे जोड उघडला तर डोळ्यांत फवारा बसेल. त्यामुळे चष्मा आणि नायट्राइलचे हातमोजे घाला. दाब सोडवायला पंपाचा फ्यूज किंवा रिले काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवायचं, मग दोन-तीन सेकंद स्टार्टर मारायचा आणि त्यानंतर बॅटरी सोडवायची. गळती इंजिनवर फवारत असेल तर मात्र हेही करायचं नाही, कारण इंजिन सुरू करणं हाच तिथे धोका आहे. कोणताही जोड उघडताना त्याभोवती जाड फडकं गुंडाळा आणि हळूहळू सैल करा.

झाकणापासून सुरुवात

टाकीच्या झाकणाची रबरी चकती बघा. तिला भेगा असतील, ती चपटी झाली असेल किंवा नळीच्या कडेवर गंज असेल, तर वळणावर पेट्रोल हिंदकळून बाहेर येतं आणि मागच्या पत्र्यावर डाग पडतो. झाकण बदलणं हे या सगळ्या कामातलं सर्वांत स्वस्त काम. फक्त मूळ जातीचंच झाकण घ्या. काही गाड्यांना हवा आत घेणारं झाकण लागतं. तिथे पूर्ण बंद झाकण लावलं तर टाकीत निर्वात तयार होतो, पेट्रोल ओढलं जात नाही आणि मग आपण पंपाला दोष देत बसतो.

रबरी नळ्या आणि क्लिपा

माझ्याकडे आलेल्या बहुतेक गळत्या इथेच सापडल्या आहेत, म्हणून इथे वेळ घालवा.

नळी मधोमध चांगली दिसते आणि टोकाला मेलेली असते. क्लिप सैल करून मागे सरकवा आणि क्लिपखालचा भाग टॉर्चच्या उजेडात वाकवून बघा. केसासारख्या बारीक भेगा उघडतात, कधी त्यांतून आतला धागा डोकावतो. नळी दाबून पाहा. लाकडासारखी कडक असेल तर गेली. बोट लावल्यावर मऊ आणि चिकट लागत असेल तरीही गेली, कारण ती आतून फुगली आहे. जुन्या गाड्यांचं रबर इथेनॉलमिश्रित पेट्रोल यायच्या आधीचं असेल, तर ते या इंधनात फुगतं किंवा आतून सुटतं. सुटलेले काळे कण पुढे जाऊन कार्ब्युरेटरच्या सुईखाली (पेट्रोल आत येणं थांबवणाऱ्या टोकदार झडपेखाली) अडकतात आणि एका दोषाचे दोन होतात.

इथे सगळे करतात ती गोष्ट म्हणजे क्लिप आवळणं. गळती थांबतेही. पण कडक रबरावर क्लिप आवळली की तिची धार नळी कापत जाते, आणि काही आठवड्यांनी तीच जागा जास्त जोरात गळू लागते. एकदा आवळून पुन्हा गळलेली नळी दुसऱ्यांदा आवळायची नाही, बदलायची.

नवी नळी इंधनाचीच हवी. पाण्याची, हवेची किंवा कूलंटची नळी पेट्रोलमध्ये टिकत नाही. नळीवर छापलेला दर्जा वाचा. एसएई जे३० हा इंधनाच्या नळ्यांचा दर्जा; त्यातली आर७ ही कार्ब्युरेटरच्या कमी दाबासाठी, आर९ ही इंजेक्शनसाठी. टाकीत बुडून राहणाऱ्या नळीसाठी आर१० लागते, कारण इतर नळ्यांचं बाहेरचं आवरण पेट्रोलमध्ये बुडून राहायला बनवलेलं नसतं. इंजेक्शनच्या गाडीला आर७ लावलेली मी पाहिली आहे. पहिल्या दिवशी ती गळत नाही, आणि म्हणूनच ती धोक्याची आहे.

क्लिपही बघून घ्या. खाचांच्या पट्टीची नेहमीची जुबली क्लिप कमी दाबाला चालते, पण तिच्या खाचा रबरात रुततात. इंजेक्शनसाठी कडा बाहेर वळवलेली, आतून गुळगुळीत असलेली क्लिप घ्या. जुनी नळी ओढून काढू नका. प्लास्टिकचा नॉझल (नळी ज्यावर चढवतात ते टोक) तुटतो, पातळ धातूची नळी वाकते. चाकूने लांबीच्या दिशेने अलगद चीर द्या आणि सोलून काढा. नवी नळी नॉझलवरच्या उंचवट्याच्या पुढे जाईपर्यंत ढकला आणि क्लिप त्या उंचवट्याच्या मागे बसवा. उंचवट्यावरच बसलेली क्लिप घट्ट वाटते, पण धरत नाही. नळीला तीव्र वाक देऊ नका, आणि ती सायलेन्सरच्या पाइपापासून व पत्र्याच्या धारेपासून लांब ठेवा.

एक नळी गेली की बाकीच्याही त्याच वयाच्या असतात. सगळ्या एकदमच बदला.

फिल्टर याच वेळी उरकून घ्या. इंजिनजवळचा पारदर्शक प्लास्टिक फिल्टर उष्णतेने ठिसूळ होतो आणि नॉझलच्या मुळाशी तडकतो. बाण इंजिनच्या दिशेला हवा. बँजो बोल्टचा (ज्याच्या पोकळीतून पेट्रोल जातं अशा बोल्टचा) जोड असेल तर तांब्याचे वॉशर दर वेळी नवे लावा. एकदा दबलेला वॉशर पुन्हा तसा बसत नाही.

पंप आणि कार्ब्युरेटर

मेकॅनिकल पंपाच्या बुडाला एक बारीक भोक असतं. ते ओलं दिसलं तर डायफ्राम, म्हणजे आतला लवचिक पडदा, फाटला आहे. पंपाच्या रचनेनुसार हेच पेट्रोल बाहेर न येता आत, इंजिनच्या ऑइलमध्येही उतरू शकतं. डिपस्टिकची पातळी वाढते ती अशी. पातळ झालेलं ऑइल बेअरिंगना वाचवू शकत नाही आणि क्रँककेसमध्ये (इंजिनच्या खालच्या पोकळीत) पेट्रोलची वाफ साचते. पंप बदला, ऑइल आणि ऑइल फिल्टरही बदला, आणि त्यानंतरच इंजिन सुरू करा.

कार्ब्युरेटर ओव्हरफ्लो होत असेल, तर आधी पॅकिंगवर संशय घेऊ नका. बाउलमध्ये पेट्रोल ठरलेल्या पातळीवर थांबतं ते फ्लोट (पेट्रोलवर तरंगणारा भाग) आणि सुईमुळे. सुईखाली कचरा अडकला की पेट्रोल वाढतच जातं आणि मिळेल त्या फटीतून बाहेर पडतं. स्क्रू ड्रायव्हरच्या लाकडी मुठीने बाउलवर हलकेच टकटक करा. ओघळ थांबला तर कचरा किंवा अडकलेली सुई हेच कारण, आणि फिल्टरच्या पुढची नळी आतून सुटतेय का हेही बघायला हवं. थांबला नाही तर फ्लोट काढून कानाशी हलवा. पितळी फ्लोटला बारीक छिद्र पडलं असेल तर आत पेट्रोल खुळखुळतं. असा फ्लोट जड होतो, वर येत नाही आणि सुई कधी बंदच होत नाही.

पॅकिंग बदलायचं ठरलं तर बाउलचे स्क्रू आडव्या-तिडव्या क्रमाने थोडे थोडे आवळा. एकाच बाजूने जोर दिला की झाकण कायमचं वाकतं. तसं वाकलेलं झाकण नव्या पॅकिंगनेही बंद होत नाही.

इंजेक्शनच्या गाडीत

दाब नियंत्रित करणाऱ्या रेग्युलेटरला व्हॅक्युमची एक बारीक नळी असते. ती काढून वास घ्या. नळीत पेट्रोल असेल तर आतला डायफ्राम गेला, आणि हे पेट्रोल थेट इनटेकमध्ये (इंजिनच्या हवेच्या वाटेत) जातंय. काळा धूर आणि पडलेलं अ‍ॅव्हरेज याचं कारण कित्येकदा इथेच असतं. रेग्युलेटरची दुरुस्ती होत नाही, तो बदलावाच लागतो.

थंडीतल्या वासाचा नेहमीचा दोषी म्हणजे इंजेक्टरच्या ओरिंग (रबरी कड्या). जोड कोरडा पुसा, टाल्कम पावडर भुरभुरा. मग दुसऱ्या माणसाला स्टार्ट न करता नुसती चावी ऑन करायला सांगा. यासाठी बॅटरी जोडावी लागते, म्हणून आधी सांडलेलं सगळं पुसून हवेशीर करून घ्या. पंप काही क्षण चालतो, लाइनमध्ये दाब येतो आणि पावडरवर ओला ठिपका उमटतो. तुम्ही बाजूने बघा, तोंड जोडाच्या वर नेऊ नका. ओरिंग सगळ्या एकदम बदला, बसवताना स्वच्छ इंजिन ऑइलचं बोट फिरवा. कोरडी ओरिंग बसताना कापली जाते.

प्रेशर गेजवर दाब उतरताना दिसला पण बाहेर कुठेच ओलं नाही, तर गळती बाहेर नाहीच. पंपातला एकदिशा व्हॉल्व्ह, आतून टपकणारा इंजेक्टर किंवा रेग्युलेटर यांपैकी एक कारण असतं. ते वेगळं करताना नळी चिमटावी लागते आणि नायलॉनची लाइन चिमटली की तडकते. मॅन्युअल हाताशी नसेल तर हे काम जाणकाराला द्या.

टाकीचा माथा, धातूच्या लाइन आणि टाकी

गेज युनिटचं पॅकिंग बदलायला टाकीतली पातळी कमी हवी. पेट्रोल तोंडाने ओढून काढू नका. एखादा घोट फुप्फुसात गेला तर जिवावर बेततं. आणि चुकून गिळलं गेलंच तर उलटी करवू नका, तडक डॉक्टरकडे न्या. हातपंप वापरा, मान्यताप्राप्त डबा जमिनीवर टेकवून भरा. लॉक रिंग पितळी किंवा लाकडी दांड्याने फिरवा. लोखंडावर लोखंड आपटलं की ठिणगी.

धातूच्या लाइन सडतात त्या क्लिपांखाली, कारण तिथे चिखल आणि ओल धरून राहते. उघडा भाग चकचकीत असला तरी क्लिप बाजूला करून बघा. गंजाचे पापुद्रे असतील तर खरवडू नका. कधी कधी तो गंजच भोक बुजवून बसलेला असतो. बदलीसाठी स्टील किंवा तांबे-निकेल मिश्रधातूची लाइन घ्या. साधं तांबं हादऱ्यांनी कडक होऊन तडकतं. सडलेला तुकडा कापून मध्ये रबरी नळी घालायची, हा सर्रास होणारा उपाय कमी दाबाच्या लाइनवरही कापलेल्या टोकाला उंचवटा घडवल्याशिवाय टिकत नाही. इंजेक्शनच्या दाबाला तो करूच नये.

टाकी बहुधा खालच्या शिवणीवर किंवा पट्ट्यांखाली पाझरते. तिथला नमदा (जाड लोकरी पट्टी) ओल धरतो आणि पत्रा बाहेरून खातो. वाटेत अंगाच्या साबणाची वडी भेगेवर घासून गळती थोपवणं ही जुनी युक्ती आहे. पेट्रोलमध्ये साबण विरघळत नाही म्हणून ती चालते. पण ती टाकी रिकामी करायची सोय होईपर्यंतच. इपॉक्सी पुट्टीही पेट्रोलने ओल्या पत्र्यावर धरत नाही.

टाकीला वेल्डिंग, ग्राइंडिंग, ड्रिलिंग घरी कधीही नाही. ‘टाकी रिकामी आहे’ हे त्याला उत्तर नाही. भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी जास्त धोक्याची, कारण ती वाफेने भरलेली असते. शिवणीत मुरलेलं पेट्रोल धुतल्यावरही उष्णतेने पुन्हा वाफ सोडतं.

इथे थांबा आणि मेकॅनिकला बोलवा

पेट्रोल सायलेन्सरवर, एक्झॉस्टवर किंवा डिस्ट्रिब्युटर-अल्टरनेटरसारख्या विजेच्या भागांवर पडत असेल तर गाडी चालवत नेऊ नका, टो करून न्या. थेंबाऐवजी धार लागली असेल, आत बसल्यावर वास येतो पण उगम सापडत नाही, टाकीला भोक आहे किंवा इंजेक्शनची उच्च दाबाची लाइन सडली आहे, तर तिथेही तेच. गाडीला सीएनजी किंवा एलपीजी किट असेल आणि वास गॅसचा वाटत असेल, तर सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करून लांब व्हा. ते काम अधिकृत माणसाचं.

कॉमन रेल डिझेल गाडीत (जिथे एका सामायिक नळीतून सगळ्या इंजेक्टरना डिझेल मिळतं) लाइनचा दाब १,००० बारच्या वर जातो. डोळ्यांना न दिसणारी बारीक धार कातडी भेदून आत शिरते. बाहेरून टाचणी टोचल्याएवढी जखम दिसते, पण आतलं डिझेल बोट किंवा हात घालवू शकतं. चालू इंजिनवर हाताने गळती चाचपू नका. असं काही झालं तर दुखत नसलं तरी लगेच रुग्णालयात जा.

दुरुस्तीनंतर

सांडलेलं पुसून घ्या. ओली फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका, उघड्यावर पसरून वाळवा. काढलेलं पेट्रोल गटारात ओतू नका. बॅटरी जोडल्यावर चावी दोन-तीनदा ऑन-ऑफ करून दाब येऊ द्या, जोड पुसून बघा, मगच स्टार्ट करा. मेकॅनिकल पंपाला दाब इंजिन फिरल्यावरच येतो, म्हणून तिथे पहिली काही मिनिटं बॉनेट उघडं आणि अग्निशामक हातात ठेवा.

रात्री गाडी उघड्यावर लावून खाली स्वच्छ पुठ्ठा सरकवा आणि चाकांच्या जागा खडूने आखा. सकाळी पुठ्ठ्यावर डागाची कडी उमटलेली दिसली तर ती गाडीच्या कोणत्या भागाखाली आहे हे लगेच कळतं. पुठ्ठा कोरडा राहिला तरी थंड इंजिनवर स्टार्ट करून नव्या जोडांवरून टिश्यू फिरवा. मूळ तक्रार फुल टाकीची असेल तर टाकी एकदा फुल करून त्याच दिवशी मागचा भाग तपासा. आठवड्याने प्रत्येक क्लिप पुन्हा एकदा बघा. नवं रबर बसतं आणि क्लिप थोडी सैल पडते. नव्या रबरावर असं एकदा हलकं आवळणं योग्यच आहे.